पाडव्याची डिस्क

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मला हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, त्याच्या स्कूटरचा आवाज बाबांच्या बिल्डिंगखाली आला की माझ्या पोटात दुखायला लागायचं. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. चारचौघांत त्याचे दोन दोष सांगून मी मोकळी झाले असते. पण तो वाईट नव्हता, उद्धट नव्हता, बाबांसमोर पायावर पाय टाकूनसुद्धा बसत नव्हता. मग मी त्याच्या बोलण्यावर टपून असायचे. तो 'नाय' म्हणाला की मी मनातल्या मनात 'नाही' अशी दुरुस्ती करायचे. पन्नाशी ओलांडलेल्या, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांच्या आईने हे करावं का? मी करत होते.

हे सगळं झालं बाबांच्या कुलवृत्तांतावरून. आई गेली त्या वर्षी बाबांनी हे काम अंगावर घेतलं. आमच्या आडनावाची, कोकणातल्या मूळ गावापासून आजपर्यंतची सगळी माणसं एका पुस्तकात आणायची. कोण कुणाचा मुलगा, कोण गाव सोडून देशावर गेलं, कुणाला किती अपत्यं, कोण कुठल्या आजाराने गेलं, सगळं. बाबांनी अर्ज छापून घेतले आणि गावोगावच्या भाऊबंदांना पाठवले. निम्म्यांनी ते भरलेच नाहीत. उरलेल्यांनी अशा अक्षरात भरले की बाबांना भिंग घेऊन बसावं लागलं. मग फोन सुरू झाले. डोंबिवली पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून बाबांनी अख्ख्या महाराष्ट्राला फोन करून विचारलं असेल, "तुमच्या आजोबांच्या आईचं माहेरचं नाव आठवतंय का हो?"

आणि टाइप करायचे मी. अकरा वर्षं. दर रविवारी सकाळची कामं उरकून मी मानपाड्याहून रिक्षाने यायचे, बाबांनी आठवडाभर साठवलेल्या चिठोऱ्या पुढ्यात घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत बडवत बसायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, औषधाच्या दुकानाच्या पावत्या, कॅलेंडरचे फाडलेले महिने, अशा चिठोऱ्या. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि सांगायचे. मी चुकले की टेबलावर बोटाने टक्‌ असा आवाज करायचे. नवरा म्हणायचा, तुझ्या माहेरच्या मेलेल्या माणसांना तू जेवढा वेळ देतेस तेवढा आम्हा जिवंत माणसांना दे. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बाबांच्या शेजारची ती खुर्ची माझी होती, आणि ती मला माझ्या घरातल्या सोफ्यापेक्षा प्रिय होती.

उठताना मी कुलवृत्तांताचा फोल्डर माझ्या छोट्या पॉकेट डिस्कवर कॉपी करून घ्यायचे. आमचा बॅकअप म्हणजे एवढंच. डिस्क पर्समध्ये टाकताना बाबा दरवेळी म्हणायचे, "नीट ने हं, तीनशे वर्षं आहेत त्यात." आणि मी रिक्षात पर्स छातीशी धरून बसायचे.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. कुलवृत्तांतात मुलींची नावं येतात, कुठे दिल्या तेही येतं, पण ओळ पुढे सरकते ती मुलांची. बाबांच्या नावाखाली आम्हा दोघींची नावं आली आणि त्याखाली कोरी जागा. ती मीच टाइप केली. त्या रविवारी बाबांनी बोटाने टक्‌ केलं नाही, ते उठून चहा ठेवायला गेले. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की ओळ नाही तर नाही, हे पुस्तक पुरं करणारी मी असेन.

बहिणीचं लग्न प्रेमविवाह. जावई कळव्याचे, खाडीकाठचे मूळचे रहिवासी, आजोबांपर्यंत मिठागरात राबलेले. बाबांना ते तेव्हा पटलं नव्हतं. दोन वर्षं ते लेकीशी बोलले नाहीत आणि त्या दोन वर्षांत, खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. मग बहिणीला मुलगी झाली आणि बाबा विरघळले. विरघळले ते इतके, की जावई कळव्याहून येताना ताजी कोलंबी आणायचे आणि बाबा, जे आईच्या हाताखेरीज कुणाचं कालवण खात नसत, ते भात कालवून बोटं चाटायचे. हे जावई ठाण्याच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळण्याचं काम करतात. कुणाचा बंद पडला, कुणाचा हळू चालतो, कुणाची फाइल उडाली, सगळं यांच्याकडे.

एक दिवस त्यांनी बाबांच्या कॉम्प्युटरला कान लावला. अक्षरशः कान लावला, डॉक्टर लावतात तसा.

"बाबा, हार्ड डिस्क आवाज करतेय. म्हातारी झाली. ही कधीपन जाईल."

"मग?"

"क्लोन करून घेऊ. नव्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं उतरवायचं. विंडोज, फाइली, तुमचे फाँट, डेस्कटॉपवरचा फोटो, सगळं. मग जुनी काढायची, नवी लावायची. तुमाला कळणार पन नाय बदलली ते."

"आमची कॉपी असते ना दर रविवारी," मी म्हटलं.

"असू दे ना ताई. पण कॉपी म्हंजे फक्त फाइली. उद्या डिस्क गेली तर परत सगळं टाकत बसा. क्लोन केला की काय टेन्शन नाय."

बाबांच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मी बघितलं. अकरा वर्षं मी पर्स छातीशी धरून नेत होते, पण माझ्या कॉपीमुळे त्यांचा चेहरा असा कधी उजळला नव्हता.

बाबांनी मुहूर्त धरला पाडव्याचा. गुढी उभारून झाली, कडुनिंबाची चटणी खाऊन झाली, आणि जावयांनी पिशवीतून एक यंत्र काढलं. पाव भाजायच्या टोस्टरसारखं, वरून दोन खाचा. एका खाचेत जुनी डिस्क उभी करायची, दुसरीत नवी, आणि बटण दाबून धरायचं. कॉम्प्युटर जोडायचीसुद्धा गरज नाही. बाबांनी आधी नव्या डिस्कला हळदकुंकू वाहिलं. बहीण म्हणाली, "बाबा, आत जाईल ते!" जावई म्हणाले, "जाऊ दे गं, काय होत नाय," आणि रुमालाने हळूच पुसून घेतलं.

कुठल्या खाचेत कुठली डिस्क हे त्यांनी तीनदा तपासलं. उलट्या लागल्या तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसून जातं, असं त्यांनी बाबांना समजावून सांगितलं. ते ऐकत असताना माझ्या मनात आलं, लावा उलट्या. मनात आलं म्हणजे अगदी शब्दांत आलं. आपली अकरा वर्षं त्यात आहेत, बाबांचा जीव त्यात आहे, हे माहीत असूनही आलं. मी उठून आत गेले आणि उगाच श्रीखंडाचं भांडं ढवळत बसले.

यंत्रावर चार दिवे होते. पाव काम झालं की एक, अर्धं झालं की दोन, असे लागायचे. बाबा त्या दिव्यांसमोर खुर्ची टाकून बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसे त्यांनी दिवे मोजले. चौथा लागला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. जावयांनी नवी डिस्क कॉम्प्युटरला लावून दाखवली आणि खरोखरच सगळं होतं तसं उघडलं, आईचा फोटोसुद्धा, त्याच जागी.

"जशीच्या तशी!" बाबा म्हणाले. मग त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "मुलगा असता तर याहून वेगळं काय केलं असतं त्याने?"

माझ्या हातात पुऱ्यांचं ताट होतं. बहीण माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं मलाही आनंद झालाय. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षांत, माझ्याबद्दल, असं एकही वाक्य त्या तोंडून निघालं नव्हतं. मुलीने केलं की ते काम असतं आणि जावयाने केलं की उपकार.

आणि मग बाबांनी ते केलं जे आमच्याच घरात होऊ शकतं. जावयांनी नवी डिस्क आत बसवून स्क्रू आवळायला घेतले तेव्हा बाबा म्हणाले, "थांबा, थांबा. जुनी चालतेय ना अजून?"

"चालतेय, पण..."

"मग तीच लावा. नवी जपून ठेवू."

आमच्याकडे नवी गोष्ट वापरायची पद्धत नाही. नव्या चादरी पाहुण्यांसाठी, नवा मिक्सर जुना जळेपर्यंत खोक्यात, बाबांच्या साठीला दिलेलं घड्याळ अजून डबीत. बाबांनी नवी डिस्क तिच्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ती पिशवी आईच्या पैठणीच्या घडीत ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण जावई तो जावई, सासऱ्याला किती बोलणार? एवढंच म्हणाले, "मग महिन्याला एकदा काढू, परत क्लोन मारू. नायतर ती आजच्या तारखेची राहील." बाबांनी मान डोलावली. पुढे प्रत्येक महिन्याला त्यांनी विचारलं आणि प्रत्येक महिन्याला बाबा म्हणाले, सारखी काढली-घातली की खराब होईल हो ती.

मला हे सगळं समजत होतं. कपाटातली डिस्क म्हणजे पाडव्याच्या दिवसाचा फोटो, त्यानंतरचं काहीही तिच्यात नाही, हे न कळायला मी काही अडाणी नाही. मी एका शब्दाने बोलले असते तर बाबांनी ऐकलंही असतं. पण बोलायची खुर्ची आता माझी कुठे होती?

कारण पाडव्यानंतरच्याच रविवारी बाबा मला म्हणाले होते, "अगं, आता तू दर आठवड्याला कशाला येतेस एवढ्या उन्हाची? टायपिंग मीच करतो हळूहळू. जावयांनी बोलून टाइप करायचं शिकवलंय मला. आणि ती कॉपीबिपी बंद कर आता, उगाच डिस्क झिजते." ते प्रेमानेच म्हणाले, माझी दगदग वाचावी म्हणून. मला मात्र नोकरीवरून काढल्यासारखं वाटलं. त्यांनी चिठोऱ्या लिहिणंही सोडलं. फोन आला की थेट कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि मोठ्या अभिमानाने सांगायचे, "आता कागद नाही. सगळा बंदोबस्त झालाय."

तरी मी रविवारी जात राहिले, डबा द्यायच्या निमित्ताने. बाबा दुपारी आडवे झाले की गुपचूप कॉपी करून घ्यायचे. घरी जाऊन ती उघडायचे आणि आठवडाभरात काय नवीन आलं ते ओळ न्‌ ओळ वाचायचे. बाबांच्या चुका शोधायचे. बोलून टाइप केल्यामुळे खूप असायच्या. त्या बघून मला बरं वाटायचं आणि मी त्यातली एकही दुरुस्त करून द्यायचे नाही.

श्रावणात एका शुक्रवारी जुनी डिस्क गेली. बाबांनी सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. त्यांनी मला नाही, जावयाला फोन केला. जावई सुट्टी टाकून आले, डिस्क काढून ठाण्याला एकाकडे दाखवून आणली. तो म्हणाला आतलं पार गेलंय. मग पैठणीतून नवी डिस्क निघाली. ती लावली आणि कॉम्प्युटर झोकात सुरू झाला. आईचा फोटो आला. बाबा हसले. मग त्यांनी फाइल उघडली, आणि ती पाडव्याची होती.

हे सगळं मला बहिणीने फोनवर सांगितलं. "अगं ताई, बाबा एकदम शांत झालेत. चार महिन्यांचं गेलं सगळं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आहेत, पण फोनवर घेतलेलं काहीच नाहीये. मार्गशीर्षात ठाण्याला कुलसंमेलन आहे, पुस्तक छापायला टाकायचंय. तुझ्याकडे कॉपी नाहीये का गं एखादी?"

माझी पर्स माझ्या समोर डायनिंग टेबलावर होती. डिस्क तिच्या आतल्या कप्प्यात होती. त्यात मागच्या रविवारपर्यंतचं सगळं होतं.

"बाबांनीच बंद करायला सांगितलं होतं ना," मी म्हटलं.

यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मला ते बोलता आलं. मला काय हवं होतं ते मला नेमकं माहीत होतं. बाबांनी जावयाला बोलावं असं हवं होतं. "तुमच्या क्लोनच्या नादात माझं काम गेलं," एवढं एक वाक्य. ते कानावर पडलं की मी डिस्क काढणार होते. दोन दिवस लागतील, फार तर तीन, असा माझा अंदाज होता. मनातून मला उकळ्या फुटत होत्या.

बाबा जावयाला बोलले नाहीत. बाबा म्हणाले, "चूक माझी. तुम्ही दर महिन्याला सांगत होतात." आणि जावई म्हणाले, "नाय बाबा, मी ऐकायलाच नको होतं तुमचं." असं दोघांचं एकमेकांची चूक पोटात घालणं चाललं होतं आणि ते मला बहीण कौतुकाने सांगत होती. त्याच संध्याकाळी जावयांनी ऑफिसातून थेट डोंबिवली गाठली आणि दोघं पुन्हा टायपिंगला बसले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्याही. बाबा फोन करायचे, जावई टाइप करायचे. ज्या घराण्याने त्यांना उंबऱ्याशी दोन वर्षं थोपवलं, त्या घराण्याचे पणजे-खापरपणजे ते कळव्याहून येऊन लिहून काढत होते, आणि त्या अख्ख्या पुस्तकात त्यांना स्वतःला जागा होती ती माझ्या बहिणीच्या नावापुढच्या कंसात.

मी बुधवारी भाजी द्यायला गेले तेव्हा दोघं हसत होते. कुठल्याशा शाखेत चार पिढ्या सलग एकच नाव निघालं होतं आणि जावई म्हणाले होते, "बाबा, हे पन क्लोनच हाय." बाबांना हसून ठसका लागला. जावई माझ्या खुर्चीत बसले होते. म्हणजे ती खुर्ची आता टाइप करणाऱ्याची होती आणि माझी ती नव्हती. मी भाजी ठेवली आणि निघाले. पर्समधली डिस्क मी त्या दिवशी द्यायची ठरवून गेले होते. तशीच परत आणली. जितके दिवस जात होते तितकं देणं अवघड होत होतं, कारण आता 'इतके दिवस का नाही दिलीस' हा प्रश्नही बरोबर द्यावा लागणार होता.

मग तो रविवार आला. बहीण लेकीला घेऊन क्लासला गेलेली, बाबा आणि जावई कॉम्प्युटरपाशी, आणि मी जमिनीवर मोड आलेले वाल सोलत बसलेली. बाबांनी आंबिवलीला फोन लावला. आंबिवलीच्या काकू म्हणजे बाबांच्या चुलतभावाच्या पत्नी, नव्वदीच्या आसपास. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो.

"वहिनी, एक विचारायचं होतं. तुमच्या पहिल्या मुलीबद्दल."

पलीकडून काकू म्हणाल्या, "भाऊजी, ते मी सांगितलं होतं ना हो तुम्हाला? उन्हाळ्यात?"

"सांगितलं होतंत. माझ्याकडून गेलं."

"गेलं म्हणजे?"

"कॉम्प्युटरमधून गेलं, वहिनी. आणि मला आता आठवत नाही. माफ करा."

काकूंच्या मुलाने भरलेल्या अर्जात ही मुलगी नव्हतीच. तो तिच्यानंतर जन्मला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वैशाखात बाबांनी सहज विचारलं, हीच सगळी अपत्यं ना, तेव्हा काकूंनी पहिल्यांदा तिचा विषय काढला होता. बाबांनी त्या रात्री नव्हे, त्याच क्षणी ती टाइप केली. मी ती ओळ माझ्या घरी बसून वाचली होती आणि तिच्यात, आश्चर्य म्हणजे, एकही चूक नव्हती.

"तीन वर्षांची होती," काकू म्हणाल्या. "तीन पुरी होऊन दोन महिने."

जावयांनी टाइप केलं.

"आणि नाव, वहिनी?"

फोनमधून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"वहिनी? हॅलो? नाव काय म्हणालात?"

"सांगते हो," काकू म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या. मग नाक ओढल्याचा आवाज आला. बाबांना तो ऐकू गेला नाही. त्यांनी फोन तोंडाजवळ नेऊन आणखी मोठ्याने विचारलं, "नाव! मुलीचं नाव!" जावयाने त्यांच्या दंडाला हात लावला. माझी पर्स तिथेच, दाराच्या खुंटीला होती.

मी नाव सांगितलं. तोंडातून निघून गेलं. मोठ्याने सांगितलं, कारण बाबांना ऐकू यायला हवं होतं. आणि एवढ्यावर थांबले नाही, म्हटलं, "घटसर्पाने गेली. तिचे पायातले वाळे काकूंनी ठेवलेत अजून."

"कोण बोलतंय?" काकू म्हणाल्या. "हो. तेच. तेच नाव."

बाबांनी शांतपणे काकूंना नमस्कार सांगितला, तब्येत विचारली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले. "हे तुला कुठून कळलं?"

"ताईंना आठवत असेल, बाबा," जावई घाईने म्हणाले. "तुमी कधीतरी बोलला असाल."

मला सांभाळून घेत होते. तेही त्यांनीच करायचं होतं.

"मी हिला काही सांगितलेलं नाही," बाबा म्हणाले. "पाडव्यापासून मी हिला काहीच सांगितलेलं नाही."

हाताला वालाचा चिकटा होता. मी तो पदराला पुसला, खुंटीवरची पर्स काढली आणि डिस्क जावयाच्या हातात दिली. त्यांनी ती लावली. फोल्डर उघडला आणि शेवटची तारीख दिसली, डिस्क गेली त्याच्या आधीचा रविवार. चार महिने, सगळेच्या सगळे, ओळीने. जावई खरोखर आनंदले. "ताई, वाचवलंत तुमी! अहो, सगळं हाय ह्यात!" त्यांच्या लक्षात आलं नाही, का आलं आणि त्यांनी तसं दाखवलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांच्या लक्षात आलं.

"किती दिवस होती ही तुझ्याकडे?"

"नऊ," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

मी वाट बघत होते, की का म्हणून विचारतील. विचारलं असतं तर मी सगळं ओकून टाकणार होते, पाडवा, पुऱ्यांचं ताट, मुलगा असता तर, कोरी जागा, सगळं. त्यांनी विचारलं नाही. फोन माझ्यापुढे धरला.

"वहिनींना लाव. त्यांना परत का सांगावं लागलं, ते तू सांग."

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. "काकू," मी म्हटलं, "कॉपी माझ्याकडे होती. मी बाबांना दिली नाही. म्हणून तुम्हाला परत विचारावं लागलं."

"का गं दिली नाहीस?"

"हेवा वाटला." हा शब्द मी तोपर्यंत स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता.

काकूंनी कुणाचा, कशाचा, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "असू दे गं. मला वाईट नाही वाटलं. इतकी वर्षं झाली, तिचं नाव मला कुणी विचारलंच नव्हतं. या वर्षी दोनदा विचारलं."

मी डोळे पुसले आणि आत आले. मला वाटलं, सुटले. बाबा डिस्ककडे बघत बसले होते.

"काकू रागावल्या नाहीत," मी म्हटलं.

"त्या नसतील रागावल्या," बाबा म्हणाले. "मी रागावलोय."

मग त्यांनी आपली खुर्ची जावयाच्या आणखी जवळ ओढली आणि म्हणाले, "हं, ताडून बघू. पहिलं पान काढा." मी पुन्हा वालांपुढे बसले. लाजेने मान वर करवत नव्हती, तरी डोळ्यांच्या कडेने मी त्या दोन खुर्च्यांमधलं अंतर बघत होते, आणि ते मला बुधवारपेक्षा कमी वाटत होतं.